भूवनस्पतींचे अवशेष आणि सागरतळावरील गाळ : गोदावरीच्या संदर्भात एक विवेचन

नदी समुद्राला मिळते तेथे केवळ पाणी आणि माती समुद्रात जात नाही. तिच्या साऱ्या खोऱ्यात उगवलेल्या पानांचा, मुळांचा, लाकडाचा आणि कुजून मातीशी एकजीव झालेल्या वनस्पतिद्रव्याचा काही अंश त्या मातीबरोबर जातो व सागरतळावर थराथराने साचतो. या द्रव्याचा अभ्यास दोन निरनिराळ्या हेतूंनी केला जातो. पहिला हेतू हिशेबाचा आहे. वनस्पती हवेतील कर्बद्विप्राणिल वायू घेऊन वाढतात. त्या कुजल्या म्हणजे तो वायू परत हवेत जातो. परंतु जो अंश कुजण्यापूर्वीच गाळात पुरला जातो, तो दीर्घकाल हवेच्या व्यवहारातून बाहेर पडतो. असा किती अंश बाहेर पडतो, हे जाणणे पृथ्वीच्या हवामानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दुसरा हेतू इतिहासाचा आहे. थरात सापडलेल्या अवशेषांवरून त्या त्या काळी खोऱ्यात रान होते की गवत, पाऊस भरपूर होता की तोकडा, याचे अनुमान करावयाचे असते.

या दुसऱ्या हेतूच्या मुळाशी एक गृहीत दडलेले असते, आणि ते बहुधा उच्चारले जात नाही. ते असे की, ज्या काळी थर साचला त्याच काळी त्यातील वनस्पती जिवंत होत्या आणि त्या खोऱ्याच्या सर्व भागांतून सारख्याच प्रमाणात आल्या. हे गृहीत कितपत टिकते, हाच प्रस्तुत विषयाचा गाभा होय.

आरंभी शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मराठीत पाचोळा वेगळा, काडीकचरा वेगळा, भुसा वेगळा आणि कुजून काळे झालेले खत वेगळे. शास्त्रीय लेखनात या सर्वांना ‘सेंद्रिय द्रव्य’ हे एकच नाव दिले जाते. नाव सोयीचे आहे, पण त्यामुळे ही द्रव्ये एकाच वाटेने आणि एकाच वेगाने समुद्राकडे जातात असा भास उत्पन्न होतो. वस्तुस्थिती तशी नाही. पाने व काटक्या पाण्यावर तरंगतात, भिजून जड होतात आणि बहुतांशी पात्रात, पूरमैदानात किंवा त्रिभुज प्रदेशातच अडकतात. पाण्यात विरघळलेला अंश समुद्रापर्यंत पोहोचतो खरा, परंतु तो तळाशी फारसा बसत नाही. काही अंश वाऱ्याने व वणव्याच्या धुराबरोबर जातो. सागरतळाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो या साऱ्यांत डोळ्याला न दिसणारा प्रकार, म्हणजे मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटून बसलेले, मूळ रूप हरवलेले वनस्पतिद्रव्य.

या शेवटच्या प्रकाराकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. मातीचा कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने अधिक. आणि पृष्ठभाग जितका अधिक, तितके सेंद्रिय द्रव्य त्यावर बसते व सूक्ष्मजंतूंपासून सुरक्षित राहते. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन जी काळी माती बनते, तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची मृत्तिका-खनिजे विपुल असतात. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी अशी ही माती आहे. भेगांत वरचा पालापाचोळा व माती पडून खोल जाते, पुढच्या पावसात भेग मिटते आणि ते द्रव्य आत कोंडले जाते. शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. परंतु सागरतळाच्या अभ्यासकाला तिचा अर्थ फार पुढे जाऊन कळतो. जे द्रव्य असे कोंडले गेले, ते किती वर्षांनी सुटून नदीत येईल याला कोणताही नियम नाही.

नदीत आल्यावर प्रवाहच निवड करतो. वाळू मागे पडते, बारीक गाळ पुढे जातो. द्वीपकल्पातील नद्यांचे वर्षाचे बहुतेक पाणी जून ते ऑक्टोबर या महिन्यांत वाहते, म्हणून ही वाहतूकही मुख्यतः पुराच्या थोड्या दिवसांत उरकते. मुखाशी खाऱ्या पाण्याचा स्पर्श होताच सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचे गुठळे बनतात व खाली बसू लागतात. समुद्रबूड जमिनीवर ते स्थिर राहतातच असे नाही. लाटा व प्रवाह त्यांना पुनःपुन्हा उचलतात, आणि प्रत्येक उचलीबरोबर प्राणवायूचा स्पर्श होऊन काही सेंद्रिय द्रव्य नष्ट होते. जेथे गाळ वेगाने साचतो तेथे हा नाश कमी होतो. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाचा जो प्रचंड पंखा पसरला आहे, त्याविषयी वालिए गाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखविले की, त्यातील सेंद्रिय कार्बनापैकी ७० ते ८५ टक्के वाहतुकीत मिसळलेल्या अलीकडच्या सेंद्रिय द्रव्याचा आहे आणि नदीने आणलेला हा कार्बन जवळजवळ पूर्णपणे पुरला जातो. सर्व नद्यांच्या बाबतीत असे घडत नाही.

आता प्रश्न असा की, थरातील सेंद्रिय द्रव्य भूमीवरील आहे, समुद्रातील प्लवकांचे नव्हे, हे ओळखावे कसे? अगदी सोपी कसोटी कार्बन व नत्र यांच्या प्रमाणाची. समुद्रातील प्लवकांत दर नत्राच्या अणूमागे सुमारे ६ ते ७ कार्बनाचे अणू असतात; भूवनस्पतींत ते प्रमाण २० च्या वर व लाकडात त्याहूनही पुष्कळ अधिक असते. तथापि जुन्या, मुरलेल्या मातीत हे प्रमाण १० ते १२ पर्यंत उतरते. म्हणजे नेमके जे द्रव्य समुद्रात अधिक पोहोचते, त्याच्याच बाबतीत ही कसोटी ढिली पडते.

दुसरी कसोटी कार्बनाच्या समस्थानिकांची. हवेतील कार्बनात १२ अणुभाराचे अणू बहुसंख्य असून १३ अणुभाराचे सुमारे एक टक्का असतात. वनस्पती हलका कार्बन अधिक आवडीने घेतात, पण ही आवड सर्वांची सारखी नसते. झाडे, झुडपे, भात, गहू, कापूस व कडधान्ये यांच्यात प्रकाशसंश्लेषणाचे पहिले संयुग तीन कार्बन-अणूंचे असते. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते यांच्यात ते चार अणूंचे असते. हा भेद उसावरील प्रयोगांतूनच उघड झाला, आणि त्याची सविस्तर मांडणी हॅच व स्लॅक या संशोधकांनी ऑस्ट्रेलियात १९६६ साली केली. पहिल्या गटाला त्रिकार्बनी व दुसऱ्याला चतुष्कार्बनी म्हणता येईल. ठरावीक प्रमाणद्रव्याच्या तुलनेने त्रिकार्बनी वनस्पतींचे मूल्य सरासरीने उणे २७ सहस्रांशांच्या आसपास, तर चतुष्कार्बनींचे उणे १३ च्या आसपास असते. समुद्रातील प्लवकांचे मूल्य उणे २० ते उणे २२ असते.

हे आकडे शेजारी ठेवले की अडचण तत्काळ लक्षात येते. निम्मे रान आणि निम्मे गवत यांचे मिश्रण घेतले तर त्याचे मूल्य उणे २० येते, म्हणजेच ते समुद्रातील प्लवकांसारखे दिसते. शीत कटिबंधातील नद्यांवर ही कसोटी तयार झाली, आणि तेथे गवतेही त्रिकार्बनीच असल्याने तिच्यावाचून फारसे अडले नाही. तीच कसोटी जशीच्या तशी उचलून ज्वारी-बाजरीच्या प्रदेशातील नदीला लावली, तर अर्धे खोरे समुद्राच्या खात्यावर जमा होण्याचा धोका आहे.

म्हणून केवळ एकंदर द्रव्याकडे न पाहता, भूवनस्पतींखेरीज अन्यत्र न सापडणारी संयुगे शोधावी लागतात. त्यांतील एक लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारे द्रव्य. जॉन हेजेस व डेल मॅन यांनी १९७९ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील गाळात त्याचा मागोवा घेतला. लिग्निनाचे ताम्र-भस्माच्या साहाय्याने विघटन केले असता जे घटक सुटतात, त्यांच्या परस्पर-प्रमाणावरून अवशेष सूचिपर्णी वृक्षांचे की सपुष्प वृक्षांचे, लाकडाचे की पानांचे व गवताचे, हे सांगता येते. दुसरे संयुग पानांवरील मेणाचे. आळूच्या पानावर पाण्याचा थेंब ठरत नाही याचे कारण पानावरील मेणच होय. या मेणात लांब साखळीची संयुगे असतात. त्यांतील हायड्रोकार्बनांत कार्बनांची संख्या बहुधा विषम (२७, २९, ३१), तर मेदाम्लांत सम (२६, २८, ३०) असते. जेफ्री एग्लिंटन व आर. जे. हॅमिल्टन यांनी १९६७ साली या मेणांविषयी लिहिलेला लेख या शाखेत पायाभूत मानला जातो. मेण पाण्यात विरघळत नाही, सहजी कुजत नाही, आणि त्यातील कार्बनाचे समस्थानिक स्वतंत्रपणे मोजता येतात. त्यामुळे प्लवकांची भेसळ टाळून रान व गवत यांचे प्रमाण पाहता येते.

या सर्व साधनांची खरी परीक्षा गोदावरीच्या गाळात झाली आहे. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचे खोरे तीन लक्ष चौरस किलोमीटरांहून मोठे असून त्याचे दोन स्वभाव आहेत. वरचे खोरे दख्खनच्या बेसाल्टवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, गवताळ व काटेरी रानांचे आहे. खालचे खोरे पुरातन पट्टिताश्म व तत्सम खडकांवर असून प्राणहिता, इंद्रावती व शबरी या उपनद्यांच्या काठी सागाची आणि सालाची दाट अरण्ये आहेत. प्रचलित अंदाजानुसार ही नदी वर्षाला सुमारे १७ कोटी टन गाळ व त्याबरोबर १५ लाख टन भूजन्य सेंद्रिय कार्बन समुद्रात नेते. २००६ साली भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमासाठी ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या जहाजाने तिच्या मुखासमोर, खंडान्त उतारावर सुमारे १,२७० मीटर खोल पाण्यात वेधन करून गाळाचा एक गाभा वर काढला. हिमयुगानंतरच्या सुमारे दहा-अकरा हजार वर्षांचा गाळ त्यात थरांनी साठलेला आहे.

कॅमिलो पाँटन व सहकाऱ्यांनी २०१२ साली या गाभ्यातील पर्णमेणाचे समस्थानिक प्रसिद्ध केले. त्यांत असे दिसले की, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत मेण क्रमाक्रमाने अधिकाधिक चतुष्कार्बनी होत गेले आणि त्यानंतर तसेच राहिले. निष्कर्ष असा काढण्यात आला की, मान्सून क्षीण होऊन मध्य व दक्षिण भारतात कोरड्या हवामानाला सोसणाऱ्या वनस्पती पसरल्या. (या संशोधकांत टिमथी एग्लिंटन हेही आहेत. पानांच्या मेणावर पायाभूत लेख लिहिणाऱ्या जेफ्री एग्लिंटन यांचे ते चिरंजीव होत.)

निष्कर्ष आकर्षक आहे, परंतु तेथे एक तार्किक फट राहते. समजा, खोऱ्यातील एकही झाड हलले नाही व एकही गवताची काडी वाढली नाही, फक्त समुद्रात पोहोचणाऱ्या गाळात खालच्या अरण्यांचा वाटा घटून वरच्या गवताळ प्रदेशाचा वाटा वाढला. तरीही समुद्रातील मेण चतुष्कार्बनीच होत जाईल. भाषेच्या अभ्यासकाला हा पेच परिचित आहे. ‘पगार’ हा पोर्तुगीज शब्द विदर्भातील बोलीत आढळतो, म्हणून पोर्तुगीज विदर्भात होते असे कोणी म्हणत नाही. शब्द कोठून निघाला आणि कोणत्या वाटेने आला, या गोष्टींचा पुरावा शब्दाबाहेर शोधावा लागतो.

गोदावरीच्या बाबतीत असा बाहेरचा पुरावा खनिजांनी पुरविला. बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर खालच्या खोऱ्यातील खडक शेकडो कोटी वर्षांचे. त्यामुळे दोहोंतील निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे प्रमाण सर्वस्वी भिन्न आहे, आणि ते वाहतुकीत बदलत नाही. लिव्हिउ जोसान व सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याच गाभ्यात ही मोजणी केली. उत्तरकालीन थरांत गाळ साचण्याचा वेग वाढलेला, दख्खनच्या मातीचा वाटा वाढलेला आणि भूजन्य कार्बन अधिक जुना झालेला आढळला. याचा अर्थ, उगमाचा वाटा खरोखरच बदलला होता. पण तो का बदलला? मान्सून दुबळा झाल्याने जमिनीवरचे आच्छादन विरळ झाले, आणि जो पाऊस पडे तो उघड्या मातीवर कोसळून तिला धुऊन नेऊ लागला, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. पुढे शेतीने त्यात भर घातली. प्रवरेकाठच्या जोर्वे व दायमाबाद येथील उत्खननांत उजेडात आलेल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वस्त्या याच कालखंडातील आहेत, आणि लोहयुगात शेतीचा विस्तार अधिकच झाला. पाऊस घटला म्हणजे नदीचा गाळही घटावा, अशी जी साधी अपेक्षा असते तिच्या हे नेमके उलट आहे. पाँटन यांचा निष्कर्ष यामुळे रद्द होत नाही. मात्र मेणातील बदलाचा किती भाग वनस्पतींच्या स्थित्यंतराचा आणि किती भाग मातीच्या धुपीचा, हे एकट्या मेणावरून ठरविता येत नाही, एवढे मान्य करावे लागते.

‘भूजन्य कार्बन अधिक जुना झाला’ या विधानाचा उलगडा येथे करावयास हवा, कारण आरंभी उल्लेखिलेल्या गृहीतावर खरा आघात तोच करतो. १४ अणुभाराचा किरणोत्सारी कार्बन जिवंत वनस्पतीत हवेतून येत राहतो. ती मेल्यावर तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. थराचे वय ठरविण्यासाठी समुद्राच्या पृष्ठभागी राहणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचे घेतात. हे जीव थर साचला तेव्हाच जगले व मेले. त्याच थरातील भूजन्य कार्बनाचे वय स्वतंत्रपणे मोजले, तर ते कवचांच्या वयापेक्षा पुष्कळदा अधिक निघते. वनस्पती जगल्यापासून तिचे द्रव्य समुद्रात पोहोचेपर्यंत ते जेवढा काळ मातीत, काठांत वा पूरमैदानात पडून होते, तेवढा हा फरक.

पोथ्यांच्या अभ्यासात याला उत्तम दृष्टान्त सापडतो. पोथी अलीकडची असते, पण तिच्यातील पाठ जुना असू शकतो. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी एकनाथांनी शके १५०६ मध्ये केली, तीही याच गोदावरीच्या काठच्या पैठणात. त्या शुद्ध प्रतीवरून तिच्या लेखनकालची मराठी कशी होती हे कोणी ठरवू लागला, तर तो फसेल. गाळाचा थर म्हणजे अशी एक पोथी असून तिच्यात निरनिराळ्या शतकांचे पाठ सरमिसळ झालेले असतात. पाठचिकित्सकाला निदान अक्षरे दिसतात. येथे प्रत्येक संयुगाचे वय वेगळे काढावे लागते.

गोदावरीच्या खोऱ्यात आणखी एक गुंतागुंत आहे. प्राणहितेच्या व खालच्या गोदावरीच्या दरीत चंद्रपूरपासून सिंगरेणीपर्यंत गोंडवन कालातील दगडी कोळसा आहे. तोही मूळचा भूवनस्पतींचाच, पण पंचवीस कोटी वर्षांहून जुना. त्यात किरणोत्सारी कार्बन लवमात्र उरलेला नाही. त्याचे थोडे कण गाळात मिसळले तरी एकंदर कार्बनाचे सरासरी वय फुगते. कोळशात पर्णमेणाची मेदाम्ले फारशी टिकत नाहीत. यासाठी एकंदर कार्बनाऐवजी मेदाम्लांचेच वय काढणे अधिक विश्वसनीय ठरते, मग त्यासाठी कितीही अधिक गाळ व श्रम लागोत.

समुद्रातील गाळाचे वाचन नीट व्हावे म्हणून खोऱ्यातच जाऊन नमुने गोळा करण्याचे काम मुहम्मद उस्मान व सहकाऱ्यांनी केले. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. नदीतळाचा व काठांचा गाळ आणि खोऱ्यातील माती यांची तुलना सागरी गाभ्याशी केली असता असे आढळले की, वरच्या खोऱ्यातील गाळात सेंद्रिय कार्बन खालच्यापेक्षा अधिक आहे व तो समस्थानिकदृष्ट्या चतुष्कार्बनी बाजूला झुकतो. कार्बनाचे प्रमाण खनिजांच्या पृष्ठभागाशी निगडित असल्याचेही दिसून आले. काळ्या मातीचे कण त्याला बिलगून ठेवतात, हे वर सांगितलेच आहे. सागरी गाभ्याच्या उत्तरकालीन भागातील जुना कार्बन कोठून आला असावा, याचा निर्देश खोल माती व ढासळणारे नदीकाठ यांच्याकडे होतो.

परंतु आजची नदी आणि गाभ्यातील नदी यांची तुलना सरळ करता येत नाही, कारण मध्ये धरणे आली. धवळेश्वरचा बंधारा १८५२ साली पुरा झाला. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये. नदीच्या खालच्या टप्प्यातील मोजण्यांत १९७१ ते १९७९ या काळात वर्षाला सरासरी १५ कोटी टन असलेला तरंगता गाळ १९९० ते १९९८ या काळात सहा कोटी टनांच्याही खाली आला. वर दिलेला १७ कोटी टनांचा अंदाज याच बेताने वाचावयास हवा. वरच्या खोऱ्यातील काळा, कार्बनयुक्त गाळ आता मोठ्या अंशाने जलाशयांच्या तळाशी बसतो. त्या जलाशयांच्या पाण्यावर वाढणारा ऊस चतुष्कार्बनी असल्याने, वरच्या मातीत पडणाऱ्या मेणात त्याची भर पडते, पण ते मेण समुद्रापर्यंत जाईलच असे नाही. उलट ज्या पाण्यातून गाळ निथळून गेला आहे ते धरणाखाली पुन्हा गाळ उचलू पाहते आणि काठ कुरतडते; तेथून सुटणारे द्रव्य कित्येक शतकांपूर्वीचे असू शकते. त्यामुळे मुखापाशी आज नमुना घेतला, तर त्यात मिळणाऱ्या पर्णमेणाचा कोणता भाग प्राणहिता-इंद्रावतीच्या अरण्यांचा, कोणता काठांच्या खोल मातीचा आणि कोणता धरणांतून निसटलेल्या दख्खनच्या मातीचा, हे मेदाम्लांचे वय व निओडिमियमचे प्रमाण एकाच नमुन्यात मोजल्यावाचून सांगणे शक्य नाही.